इअरमार्क आणि निवडणूक देणग्या

इअरमार्क : अमेरिकेच्या काँग्रेसमधील सदस्याने खर्चाच्या विधेयकात आपल्या मतदारसंघातील ठरावीक कामासाठी नावानिशी घालून घेतलेली तरतूद. भारतातील खासदार निधीशी तिची गल्लत करू नये. खासदार निधी सर्वांना सारखा मिळतो. इअरमार्कमध्ये विनियोजन समितीत ज्याचे वजन अधिक, त्याच्या पदरात अधिक पडते. मतदारसंघासाठी पैसा मागण्यात गैर काही नाही. गैर आहे ते सभेत त्याला उधळपट्टी म्हणायचे आणि समितीत तोच पैसा मागायचा, हे.

सर्वांत गाजलेले उदाहरण अलास्कातील केचिकन या गावाचे. २००५च्या वाहतूक कायद्यात तेथून ग्रॅव्हिना बेटावर जाणाऱ्या पुलासाठी सुमारे २२ कोटी ३० लाख डॉलर राखून ठेवले गेले. बेटावर विमानतळ होता, पण वस्ती जेमतेम पन्नास माणसांची. देशभर टीका झाली आणि ‘कुठेही न जाणारा पूल’ हे नाव त्याला कायमचे चिकटले. २००६मध्ये गव्हर्नरपदाच्या प्रचारात रिपब्लिकन सारा पेलिन यांनी केचिकनमध्ये ‘नोव्हेअर’ असे छापलेला टी-शर्ट हाती धरून गावकऱ्यांची बाजू घेतली. २००७मध्ये त्यांच्याच सरकारने पूल रद्द केला. २००८मध्ये उपाध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्यावर, हा पूल आपण काँग्रेसला नाकारला असे त्या सभांतून सांगू लागल्या. प्रत्यक्षात काँग्रेसने पुलाची सक्ती २००५मध्येच काढली होती आणि पैसा अलास्काकडेच राहिला होता. त्यातून बेटावर पुलाकडे नेणारा रस्ता मात्र बांधला गेला.

हे एका पक्षाचे दुखणे नाही. इअरमार्क आटोक्यात आणण्याचे आश्वासन देऊन निवडून आलेल्या डेमोक्रॅट अध्यक्ष बराक ओबामा यांनी मार्च २००९मध्ये हजारो इअरमार्क असलेल्या विधेयकावर सही केली. रिपब्लिकन रॉन पॉल आपल्या टेक्सासमधील मतदारसंघासाठी तरतुदी घालून घेत आणि मग त्याच विधेयकाविरुद्ध मत देत.

देणग्यांचा संबंध आला की प्रकरण अधिक गंभीर होते. कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधी रँडी कनिंगहॅम यांनी काँग्रेसच्या कागदावर चक्क दरपत्रक लिहून दिले होते : किती डॉलरच्या कंत्राटाला किती लाच. सुमारे २४ लाख डॉलर घेतल्याची कबुली दिल्यावर २००६मध्ये त्यांना आठ वर्षे चार महिन्यांची शिक्षा झाली. पण असा लेखी पुरावा विरळाच. पीएमए ग्रुप या लॉबिंग संस्थेचे ग्राहक संरक्षण खर्चात इअरमार्क मिळवत आणि संस्थेशी संबंधित माणसे संबंधित सदस्यांना देणग्या देत. संस्थेच्या संस्थापकाला इतरांच्या नावांवर देणग्या दिल्याबद्दल २०११मध्ये तुरुंगवास झाला. ज्या सात सदस्यांची चौकशी झाली, त्यांना सभागृहाच्या आचारसंहिता समितीने २०१०मध्येच निर्दोष ठरवले होते. देणगी आणि तरतूद एकाच दिशेने गेली, एवढ्यावरून सौदा सिद्ध होत नाही, हा समितीचा निष्कर्ष. कायद्याच्या दृष्टीने तो टिकतो, पण नागरिकाचे त्याने समाधान होत नाही.

२०११मध्ये इअरमार्कवर बंदी आली. केंटकीला वर्षानुवर्षे असा निधी मिळवून देणारे सिनेटर मिच मॅकॉनेल ऐन वेळी बंदीच्या बाजूला गेले होते. २०२१मध्ये प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन सदस्यांनी गुप्त मतदानाने आपल्यापुरती बंदी उठवली आणि ‘सामुदायिक प्रकल्प निधी’ या नावाने पद्धत परतली. आता मागणी जाहीर करावी लागते, नफा कमावणाऱ्या कंपन्यांना पैसा मिळत नाही आणि त्यात स्वतःचा किंवा कुटुंबाचा आर्थिक हितसंबंध नसल्याचे सदस्याला लिहून द्यावे लागते. सदस्याच्या निवडणूक निधीला मिळालेली देणगी सामान्यतः असा हितसंबंध मानली जात नाही. जोवर ती मानली जात नाही, तोवर ही सुधारणा अर्धवटच आहे.