बिनभोकाच्या पत्र्याची कुळकथा

डिझेल इंजिनातून जळून बाहेर पडणाऱ्या वायूचा काही भाग पुन्हा आत जाणाऱ्या हवेत मिसळणाऱ्या झडपेला ईजीआर म्हणतात, आणि ती बंद करून टाकण्याची चाल ठाणे, कल्याण व डोंबिवलीच्या गॅरेजांना चांगली परिचयाची आहे. नळीच्या सांध्यावरचे बोल्ट सोडवून गॅसकेटच्या मापाचा बिनभोकाचा पत्रा मधे बसवला की काम होते. या चालीचे कारण विचारले असता पिकअप, मायलेज आणि कार्बन अशी उत्तरे ठरलेली असतात. तिचे मूळ मात्र इंजिनापेक्षा धूर मोजण्याच्या पद्धतीत अधिक आहे आणि ती पद्धत मुंबईच्या गिरण्यांच्या धुराड्यांपर्यंत मागे नेता येते, असे येथे प्रतिपादन आहे.

झडपेची स्वतःची वंशावळ फार बोलण्यासारखी नाही. १९५० च्या दशकाच्या आरंभी आरी हागेन-स्मिट यांनी लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा उलगडा करताना, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि न जळलेले इंधन यांवर ऊन पडले की ओझोन तयार होतो, हे दाखवले. १९७० च्या दशकात अमेरिकेतील पेट्रोल गाड्यांवर ईजीआर आली आणि पुढे डिझेलने ती उचलली. परत आणलेल्या वायूत प्राणवायू कमी आणि उष्णता शोषणारा कार्बन डायऑक्साइड व वाफ जास्त असल्याने ज्वाळेचे तापमान उतरते व ही ऑक्साइडे कमी बनतात. मात्र त्याच कारणाने काजळी थोडी वाढते. ऑक्साइडे डोळ्यांना दिसत नाहीत, काजळी दिसते, आणि पुढचा सारा घोटाळा या भेदातून झाला आहे.

मुंबई इलाख्यात धुरावर कायदा झाला तो १९१२ साली, कलकत्त्यातील १९०५ च्या कायद्यानंतर, आणि त्याचा रोख गिरण्या-कारखान्यांच्या भट्ट्यांवर होता. त्या काळी धुराचा दोष त्याच्या काळेपणावरून ठरवला जाई आणि त्यासाठी जगभर प्रसिद्ध असलेले साधन म्हणजे माक्सिमिलियां रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्याचा तक्ता. पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या रेघांच्या क्रमाने दाट होत जाणाऱ्या जाळ्या छापलेल्या असत, तो लांब धरून धुराड्याच्या धुराशी ताडून पाहायचा आणि क्रमांक सांगायचा, इतकीच ती रीत होती. धुरात काय आहे हा प्रश्नच तेथे उद्भवत नसे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार डिझेल गाडीची पीयूसी, म्हणजे प्रदूषण नियंत्रणाची तपासणी, होते, तेव्हाही पाहिला जातो तो काळेपणाच. गाडी उभी ठेवून पेडल पूर्ण दाबायचे, नळकांड्यात नळी घालायची आणि ४३० मिलिमीटर लांबीच्या धुराच्या स्तंभातून किती प्रकाश अडला हे यंत्राने सांगायचे. या मोजमापाला हार्ट्रिज एकक म्हणतात. बीएस-४ या उत्सर्जन मानकापूर्वीच्या गाड्यांना ६५ एककांची मुभा आहे, म्हणजे शंभरातला पासष्ट भाग प्रकाश अडला तरी चालतो, तर बीएस-४ गाडीला ५०. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा या परीक्षेत नावालाही उल्लेख नाही. रिंगेलमानच्या पुठ्ठ्याची जागा दिव्याने आणि प्रकाशपेशीने घेतली, एवढाच काय तो फरक.

आता पत्रा येतो कोठे ते पाहावे. निरोगी झडप पेडल पूर्ण दाबले असता बंदच राहते, त्यामुळे परीक्षेत तिचा उपद्रव होत नाही; पण काजळीने अडकून अर्धवट उघडी राहिलेली झडप भरपूर काळा धूर सोडते आणि गाडी नापास होते. झडप काढून, धुऊन, इनटेकमधला थर खरवडून काढायला दिवस जातो, तर पत्रा बसवायला फार वेळ लागत नाही. दोन्ही उपायांनी धूर सारखाच उतरतो आणि प्रमाणपत्रही सारखेच मिळते, म्हणून स्वस्त उपाय जिंकतो. जी झडप हवा सुधारण्यासाठी लावली तिला बंद करणाऱ्यालाच प्रदूषण नियंत्रणाचा दाखला मिळावा, हा योग मोठा विलक्षण आहे.

या मतावर आक्षेप आहेत. एक असा की खरे कारण डिझेलमधले गंधक, कारण त्याचे आम्ल होऊन झडपा खराब होत; बीएस-३ इंधनात दशलक्ष भागांत ३५० पर्यंत गंधक चालत असे, हे खरेच आहे. परंतु ते बीएस-४ मध्ये ५० आणि २०२० पासून बीएस-६ मध्ये १० वर आले, तरी पत्र्याची चर्चा ओसरलेली दिसत नाही. दुसरा पक्ष रहदारीचा असून तो अधिक सबळ आहे: ईजीआर कमी भारावर व मंद गतीत सर्वाधिक काम करते, आणि घोडबंदर रस्ता, मुंब्रा बायपास किंवा कल्याण-शिळ रस्त्यावर रांगत चाललेल्या पिकअप गाडीचे इंजिन तापण्याआधीच काजळी धरते. तथापि त्याने झडप का तुंबते ते कळते. ती धुण्याऐवजी बंद का केली जाते, ते कळत नाही. तिसरा आक्षेप असा की नायट्रोजनची ऑक्साइडे मोजायची तर गाडी रोलरवर भाराखाली चालवावी लागते आणि ते पेट्रोल पंपावरच्या पीयूसी व्हॅनला झेपणारे नाही. अडचण खरी आहे. पण धूर उतरला म्हणजे प्रदूषण उतरले, या समजुतीवर कायदा इतकी वर्षे समाधानी राहिला याचा खुलासा तिने होत नाही, आणि तो खुलासा १९१२ च्या वारशात शोधणेच रास्त आहे.

परीक्षेपुरते पास होण्याच्या मोहातून मोठ्या कंपन्याही सुटल्या नाहीत. फोक्सवॅगनच्या २०१५ मध्ये उघड झालेल्या प्रकरणातील सॉफ्टवेअर प्रयोगशाळेत ईजीआर पुरेशी चालवत असे आणि रस्त्यावर तिला आखडते घेत असे. पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या चाचण्यांनंतर भारतात ३,२३,७०० गाड्या परत बोलवाव्या लागल्या. गॅरेजातला पत्रा हा त्या सॉफ्टवेअरचा गरीब भाऊबंदच म्हणायचा.

पत्रा बसवावा की नाही, याचे उत्तर त्यामुळे अवघड राहत नाही: झडप धुवावी, धुऊनही अडकत असेल तर बदलावी. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ निर्मात्याने नोंदवलेल्या रचनेत फेरफार करू देत नाही, हा भाग वेगळाच. नव्या गाड्यांत तर पत्रा लपतही नाही, कारण झडप उघडल्यावर ताजी हवा जितकी कमी व्हायला हवी तितकी झाली नाही की हवा मोजणारा सेन्सर ते टिपतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. त्यावरही तोड निघाली आहे: पत्र्याच्या मधोमध लहान भोक पाडायचे, म्हणजे सेन्सरला पटेल एवढाच वायू परत जातो, दिवा विझलेला राहतो आणि पीयूसीची नळी तर पूर्वीप्रमाणे काळेपणाच मोजत असते.