किरदार कोणाचा?

एप्रिल २०२४ मध्ये अभिनेते चिन्मय मांडलेकर यांनी जाहीर केलं की यापुढे ते पडद्यावर छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका करणार नाहीत. दिग्पाल लांजेकर यांच्या चित्रपटमालिकेत ‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘पावनखिंड’ आणि ‘शेर शिवराज’ (दोन्ही २०२२), ‘सुभेदार’ (२०२३) असे एकामागून एक चित्रपट आले आणि प्रेक्षकांनी मांडलेकरांना महाराजांच्या भूमिकेत मनापासून स्वीकारलं. मग बिनसलं कुठे? अभिनयात नव्हे. त्यांच्या मुलाचं नाव जहांगीर आहे, एवढंच कारण. त्या नावावरून घरच्यांना इतक्या शिव्या खाव्या लागल्या की त्यांनी भूमिकाच सोडली.

जहांगीर हा फारसी शब्द. जहाँ म्हणजे जग, गीर म्हणजे ते काबीज करणारा. जे. आर. डी. टाटांच्या नावातला पहिला ‘जे’ याच नावाचा. मुंबईत काळा घोड्याला १९५२ पासून उभ्या असलेल्या आर्ट गॅलरीचंही नाव हेच. पण ट्रोल करणाऱ्यांना त्यात फक्त बादशहा दिसला. डिसेंबर २०१६ मध्ये सैफ अली खान यांच्या मुलाचं नाव तैमूर ठेवलं तेव्हाही असंच वादळ उठलं होतं. फरक असा की या वेळी बाप हिंदू होता आणि प्रश्न थेट विचारला गेला: महाराजांची भूमिका करायला हा माणूस चालतो का?

कोणती भूमिका कोणी करावी, हे भांडण आज जगभर चालू आहे. ‘द लिटल मरमेड’ (२०२३) मध्ये जलपरी कृष्णवर्णीय का, म्हणून अमेरिकेत महाभारत झालं. ‘मिस मार्व्हल’ (२०२२) मध्ये कमला खान नावाची मुसलमान मुलगी सुपरहिरो झाली, तेव्हा आमच्या पोरी खूश झाल्या आणि काही जणांच्या पोटात दुखलं. ही चर्चा आपल्याकडे परदेशातून आली असं अनेकांना वाटतं. पण मराठी सिनेमाने हा प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वीच सोडवून दाखवला होता.

१९४० मध्ये पुण्याच्या ‘प्रभात’ने ‘संत ज्ञानेश्वर’ काढला. माउलींची भूमिका केली शाहू मोडक यांनी. मोडक अहमदनगरचे, मराठी ख्रिस्ती घरातले. कृष्ण तर त्यांनी पुन्हा पुन्हा साकारला. त्यांच्या भक्तीत कोणाला भेसळ दिसली नाही.

पुढच्याच वर्षी, १९४१ मध्ये, व्ही. शांताराम यांनी त्याच कंपनीत मराठीत ‘शेजारी’ आणि हिंदीत ‘पडोसी’ केला. गावातले दोन जिवलग म्हातारे, एक हिंदू, एक मुसलमान. धरण बांधणाऱ्यांच्या कारस्थानात त्यांची मैत्री तुटते. हिंदीत शांतारामांनी मुद्दाम उलटापालट केली. हिंदू ठाकूर झाले मजहर खान आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. मराठीतही मिर्झा जागीरदारच होते. मुस्लिम लीगचा लाहोर ठराव होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. देश दुभंगायला निघाला असताना एका मराठी दिग्दर्शकाने प्रेक्षकांना सांगितलं की हा माणूस तो होऊ शकतो आणि तो हा होऊ शकतो.

अभिनय याचाच तर धंदा आहे. शाहीर अमर शेख, मूळचे बार्शीचे मेहबूब, ‘प्रपंच’ (१९६१) या कुंभाराच्या संसारावरच्या चित्रपटात सुलोचनाबाईंसोबत उभे राहिले, तेव्हा लोकांनी कुंभाराचं दुःख पाहिलं. अदाकाराचा जातीचा दाखला मागितला नाही.

उर्दूत ‘किरदार’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. नाटकातलं पात्र हा एक, आणि माणसाचं चारित्र्य, त्याची वागणूक हा दुसरा. आजच्या भांडणात पहिल्या अर्थाचीच ओढाताण चालते. मला काळजी दुसऱ्या अर्थाची आहे. पडद्यावर मुसलमानाचा किरदार, म्हणजे चारित्र्य, कसं दाखवलं जातं?

‘तान्हाजी’ (२०२०) घ्या. कोंढाण्याचा किल्लेदार उदयभान हा मोगलांच्या नोकरीतला राजपूत. ही भूमिका सैफ यांनी केली, त्याला माझी हरकत नाही. मजहर खानांची आठवण काढणारा मी हरकत कशी घेणार? पण काळे कपडे, भाजलेली मगर, डोळ्यांतलं वेड असा साज चढवून त्या राजपुताचा जो राक्षस केला, तो आजकालच्या सिनेमातल्या ‘सुलतान’ नावाच्या साच्यातूनच काढलेला. म्हणजे खलनायक हिंदू असला तरी पोशाख आमचाच!

आणि महाराजांच्या बाजूचे मुसलमान? १६५९ मध्ये प्रतापगडाच्या भेटीला महाराजांसोबत जे मोजके अंगरक्षक होते, त्यांत सिद्दी इब्राहीमचं नाव येतं. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. तो फोडायला नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल धावून गेला आणि त्या झुंजीत त्याचा मुलगा घायाळ झाला. वेढा घालणारा सिद्दी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. वेढा फोडताना ज्याचं पोर रक्तात पडलं, तो सिद्दी किती जणांना ठाऊक आहे? पायदळाचे सरनोबत नूर बेग, फारसी पत्रव्यवहार पाहणारे काझी हैदर हेही स्वराज्याचे चाकर. काझी हैदर पुढे संभाजीराजांच्या काळात मोगलांकडे गेले, तेही लपवू नये. तेव्हाची निष्ठा धर्मावर बांधलेली नव्हती, हेच त्यातून दिसतं.

मी विठ्ठलवाडीला राहतो. अलीकडचं स्टेशन कल्याण. १६५७ मध्ये महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्याच खाडीत स्वराज्याच्या आरमाराची सुरुवात झाली. त्याच आरमाराचा पुढचा एक सरदार दौलतखान. १६७९ मध्ये खांदेरीच्या पाण्यात तो मायनाक भंडारी यांच्या जोडीने इंग्रजांशी आणि जंजिऱ्याच्या सिद्दीशी लढला. आमची मुलं रोज लोकलमधून ती खाडी पाहतात, पण दौलतखान त्यांना माहीत नाही.

शाळेशाळेत शिवजयंतीला नाटक बसतं. वीस वर्षं मी ती पाहतोय. वर्गात एखादा शेख किंवा अन्सारी असला की अफझलखान नाहीतर शाहिस्तेखान त्याच्याच वाट्याला येतो. बसवणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. त्याला ते सोयीचं वाटतं. मुलगाही हसत हसत दाढी चिकटवतो. पण आठवडाभर वर्गात त्याला त्याच नावाने हाक मारतात, आणि पुढच्या वर्षी तो नाटकात नावच देत नाही. ज्या राजाच्या सैन्यात त्याच्यासारख्या नावांची माणसं होती, त्या राजाच्या उत्सवातून तो न भांडता बाहेर पडतो. सिनेमाच्या वादात ही गोष्ट कोणी मोजत नाही.

म्हणून माझं मागणं सिनेमावाल्यांकडे नंतर, आपल्या शिक्षकांकडे आधी आहे. अफझलखान वगळा असं मी म्हणत नाही. इतिहास आहे, तो राहणारच. तो या वेळी पाटलाच्या पोराला करू द्या, मजेत करेल. अन्सारीच्या पोराला वाटलं तर त्याला महाराज होऊ द्या. शाहू मोडक माउली होऊ शकले, तर त्याला कोण अडवणार? आणि नाटकाच्या कागदावर दोन नावं वाढवा: सिद्दी हिलाल आणि दौलतखान. चार वाक्यं पुरतील. आपल्या कल्याण-उल्हासनगरच्या एखाद्या शाळेत १९ फेब्रुवारीला असं नाटक बसलं, तर मला कळवा. मी पहिल्या रांगेत येऊन बसेन.