दोन वर्षं परदेशात शिकवलं म्हणून शिक्षक झालात का?

ज्याला मराठी येते त्याला मराठी शिकवता येते, हे आपण इतकं गृहीत धरलंय की त्यावर कुणी बोलतही नाही. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. अमेरिकेतला आहे, पण त्याचे धागे विक्रोळी आणि फलटणपर्यंत येतात. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

१४ ऑक्टोबर १९६०. मिशिगन विद्यापीठ, रात्रीचे दोन वाजलेले. निवडणुकीच्या प्रचारात दमलेले जॉन केनेडी तिथे पोहोचले, तर हजारो विद्यार्थी थंडीत ताटकळत उभे. केनेडींनी त्यांना विचारलं, तुमच्यापैकी किती जण आयुष्यातली काही वर्षं घानासारख्या देशात जाऊन काम करायला तयार आहेत? निवडून आल्यावर १ मार्च १९६१ ला त्यांनी आदेशावर सही केली आणि 'पीस कोअर' सुरू झाली. त्याच वर्षी ऑगस्टअखेर पहिली तुकडी घानात उतरली. ते सगळे शिक्षक म्हणून गेले होते.

ही निव्वळ समाजसेवा होती असं मी म्हणणार नाही. शीतयुद्धाचा काळ होता. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांत रशियाचं वजन वाढू नये हा हिशेब त्यात होताच. पण जी पोरं-पोरी गेली त्यांच्या डोक्यात हा हिशेब फारसा नव्हता. विशी-बाविशीतली, नुकती पदवी घेतलेली मंडळी. बहुतेकांना कसलंच खास कौशल्य नव्हतं. मग त्यांना काम काय द्यायचं? उत्तर सोपं निघालं. इंग्रजी येतं ना? शिकवा.

फिलिपिन्समध्ये शेकडो स्वयंसेवक प्राथमिक शाळांत इंग्रजीच्या शिक्षकांना मदतनीस म्हणून पाठवले. वर्गात आधीच एक शिक्षक हजर असताना आपण नक्की काय करायचं, हेच त्यांना बरेच दिवस कळेना. इथिओपियात १९६२ साली जवळपास तीनशे जणांची तुकडी एकदम उतरली आणि माध्यमिक शाळांत थेट फळ्यासमोर उभी राहिली. समोर साठ-साठ मुलं, पुस्तकं अपुरी, आणि मुलांची घरची भाषा वेगळीच.

तिथे अनेकांना पहिला धक्का बसला. जन्मापासून इंग्रजी बोलत होते, पण एखाद्या पोराने उभं राहून विचारलं की इथे 'द' का लागतो आणि तिथे का नाही, की यांची बोलती बंद. तुम्हीच करून बघा. 'मी आंबा खाल्ला' पण 'मी आंबा आणला' आणि 'मी आंबा विसरलो'. 'खाल्ला', 'आणला' आंब्याप्रमाणे चालतात, मग 'विसरलो' माझ्याप्रमाणे का? एखाद्या तेलुगू किंवा भोजपुरी बोलणाऱ्या मुलाला हे समजावून सांगा. आपल्याला बोलता येतं, चूक ऐकली की कानाला खटकतं, पण कारण सांगता येत नाही. भाषा येणं आणि भाषा शिकवता येणं यात एवढं अंतर आहे.

१९६३ पासून हे लोक परत यायला लागले. परतण्याची गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. जाताना हारतुरे होते, येताना प्रश्न होता, आता पुढे काय? घरचे दोन दिवस फोटो बघणार, तिसऱ्या दिवशी विचारणार, नोकरीचं काय ठरवलंस? आखातातून परत आलेल्या आपल्याकडच्या पोरांना हा प्रश्न चांगलाच ओळखीचा आहे. मार्च १९६५ मध्ये वॉशिंग्टनला परतलेल्या स्वयंसेवकांचीच एक मोठी परिषद भरली, हजाराच्या आसपास लोक जमले. तिकडून शिकून आलेलं इकडे कुठे वापरायचं, हाच विषय.

अनेकांना शिक्षक व्हायचं होतं. पण अमेरिकेत प्रत्येक राज्याचा शिक्षक-परवाना वेगळा. आफ्रिकेत दोन वर्षं साठ मुलांचा वर्ग सांभाळलेल्या माणसालाही तुमच्याकडे शिक्षणशास्त्राचे कोर्स नाहीत म्हणून उभं केलं जाई. आता नियम चूक होता की बरोबर? मला वाटतं, दोन्ही. नुसत्या अनुभवावर कुणालाही वर्ग देऊ नये हे बरोबर. पण त्या अनुभवाची किंमत शून्य धरायची हे चूक.

याच पेचातून दोन प्रयोग उभे राहिले.

पहिला वॉशिंग्टनच्या कार्डोझो हायस्कूलमध्ये, १९६३ साली. शाळा गरीब वस्तीतली, विद्यार्थी जवळपास सगळे कृष्णवर्णीय. मुख्याध्यापिका होत्या बेनेटा वॉशिंग्टन. सुरुवातीला पीस कोअरमधून परतलेले दहा जण घेतले. पद्धत अशी की रोज दोन तास प्रत्यक्ष वर्गावर शिकवायचं, वर एक अनुभवी शिक्षक लक्ष ठेवणार. उरलेल्या वेळात चर्चासत्रं, स्वतः धडे लिहिणं, वस्तीत जाऊन मुलांची घरं बघणं. जोडीला हॉवर्ड विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी. म्हणजे आधी वर्षभर कॉलेजात सिद्धांत आणि मग एकदम वर्गात ढकलून देणं असा प्रकार नव्हता. सकाळी वर्गात जिथे अडलं, त्याच दिवशी दुपारी त्यावर बोलणं. इथे इतिहासाचे अनुभवी शिक्षक म्हणून आलेले लॅरी क्यूबन पुढे प्रकल्पाचे प्रमुख झाले आणि नंतर शिक्षणाचे इतिहासकार म्हणून स्टॅनफर्डला नावाजले.

इंग्रजी शिकवणाऱ्यांना तिथे दुसरा धक्का बसला. मुलं इंग्रजीच बोलत होती, पण ती पुस्तकातली इंग्रजी नव्हती. घरची बोली 'अशुद्ध' म्हणून झिडकारली की मूल तोंड मिटून बसतं. आपल्याकडे अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणारं पोर पहिलीच्या वर्गात गप्प का होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना अधिक सांगायला नको. छापील पुस्तकं मुलांच्या जगाशी जुळेनात, म्हणून या लोकांनी स्वतःच धडे लिहिले.

हा प्रयोग इतका गाजला की १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यात त्याच धर्तीवर 'नॅशनल टीचर कोअर' आली. सिनेटर गेलॉर्ड नेल्सन आणि एडवर्ड केनेडी यांनी ती लावून धरली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने खर्चकपातीत ती गुंडाळली, हेही सांगायला हवं. पण वर्गात काम करत करत शिक्षक घडवायचा ही कल्पना टिकली. न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजने १९८५ मध्ये परतलेल्या स्वयंसेवकांसाठी खास शिष्यवृत्ती सुरू केली, आणि पुढे अनेक विद्यापीठांनी तोच मार्ग धरला.

दुसरा प्रयोग व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरो या लहानशा गावातला. परदेशात एखाद्या कुटुंबात राहून तिथली भाषा-रीत शिकायची, असा उपक्रम चालवणारी एक संस्था १९३२ पासून काम करत होती. पीस कोअरचे पहिले प्रमुख सार्जंट श्रायव्हर तरुणपणी त्याच उपक्रमातून परदेशी जाऊन आले होते. जाणाऱ्या स्वयंसेवकांना भाषा शिकवण्याचं काम या संस्थेकडे आलं आणि १९६४ मध्ये तिथे 'स्कूल फॉर इंटरनॅशनल ट्रेनिंग' उभं राहिलं. कमी वेळात, बोलण्यापुरती, पण खरोखर उपयोगी पडेल अशी भाषा कशी शिकवायची, याचा सराव तिथे झाला. मग १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी भाषा-शिक्षकांसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रमच काढला. जाणाऱ्यांना घडवण्याची जागा परतलेल्यांना शिक्षक करण्याची जागाही झाली.

अशा अभ्यासक्रमांत एक गंमत करतात. होऊ घातलेल्या शिक्षकाला अजिबात न येणाऱ्या भाषेच्या वर्गात बसवतात. एक शब्द इंग्रजी नाही. तासाभरात माणूस घामाघूम होतो. आपण हुशार आहोत हा समज गळून पडतो. मग त्याला कळतं की मागच्या बाकावरचं मूल मंद नसतं, त्याला फक्त काही कळत नसतं. माझ्या मते भाषा-शिक्षकाचं अर्धं प्रशिक्षण या एका तासात होतं.

या शिक्षकांना मागणीही आली. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेत आशियातून स्थलांतर वाढलं. १९६६ मध्ये परभाषकांना इंग्रजी शिकवणाऱ्यांची 'टेसॉल' ही व्यावसायिक संघटना झाली. आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाचा 'लाउ विरुद्ध निकोल्स' हा निकाल आला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी भाषक मुलांना इंग्रजी येत नव्हतं आणि शाळा काहीच मदत करत नव्हती. शाळेचं म्हणणं असं की आम्ही सगळ्यांना सारखीच पुस्तकं, सारखेच शिक्षक देतो. न्यायालयाने सांगितलं, भाषाच कळत नसेल तर सारखं पुस्तक देणं म्हणजे समान वागणूक नव्हे. हे वाक्य मी माझ्या शब्दांत सांगतोय, पण गाभा हाच.

आता आपल्याकडे येतो.

पीस कोअर भारतातही होती. १९६१ पासून १९७६ पर्यंत चार हजारांहून जास्त स्वयंसेवक येऊन गेले. १९७१ च्या युद्धानंतर दोन्ही देशांचे संबंध बिघडले आणि काम आटपत गेलं. सगळ्यात प्रसिद्ध स्वयंसेविका म्हणजे लिलियन कार्टर, अमेरिकेचे पुढचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या आई. वयाच्या ६८ व्या वर्षी, १९६६ मध्ये, त्या विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत आल्या. पेशाने नर्स. प्रशिक्षणात त्यांना मराठी शिकवली गेली होती. विचार करा, साठी उलटलेल्या परदेशी बाईला तीनेक महिन्यांत कामापुरती मराठी शिकवायची पद्धत १९६६ साली अमेरिकेत आखली जात होती.

आणि फलटणच्या मॅक्सीन मावशी. मॅक्सीन बर्नसन पीस कोअरमधून आल्या नव्हत्या, पण वाट तशीच. १९६१ मध्ये हैदराबादला मराठी माणसांच्या विवेकवर्धिनी कॉलेजात शिकवायला आल्या. परत अमेरिकेत जाऊन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात भाषाशास्त्र शिकल्या आणि डॉक्टरेटसाठी विषय निवडला फलटणच्या लोकांच्या बोलण्याचा. जाई निंबकर यांच्यासोबत परभाषकांसाठी मराठीचं व्याकरण लिहिलं, ते १९७५ मध्ये आलं. पुण्यात येणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं मराठी शिकवली. मग फलटणला राहून शाळेबाहेरच्या मुलांना वाचायला शिकवलं, त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. क, ख, ग अशी ओळीने अक्षरं घोकून न घेता मोजकी अक्षरं आणि मात्रा यांचे गट करायचे, म्हणजे मूल थोड्याच दिवसांत खरे शब्द वाचू लागतं. हे सुचायला भाषाशास्त्राचं शिक्षणही लागलं आणि गल्लीतली मुलंही लागली.

मी हे सगळं आज का लिहितोय?

२०२० साली राज्याने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला. पहिली आणि सहावीपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने दहावीपर्यंत. २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला, वाद पेटला, निर्णय मागे घेतला गेला. या सगळ्यात आपण भाषेवर भरपूर बोललो. शिक्षकावर किती बोललो?

आमच्या तालुक्याच्या गावात आता वीटभट्टीवर, हॉटेलात, बांधकामावर बाहेरच्या राज्यांतली कुटुंबं आहेत. त्यांची मुलं आपल्याच शाळांत बसतात. त्यांच्या हातात तेच पुस्तक, समोर तेच शिक्षक. पुस्तक धरून चालतं की मुलाच्या घरी मराठी आहे. शिक्षक बिचारे जीव तोडून शिकवतात, पण मराठी ही दुसरी भाषा म्हणून कशी शिकवायची हा स्वतंत्र विषय आहे आणि तो त्यांना कुणीतरी शिकवायला हवा. सक्ती केली की मूल वर्गात बसेल. मराठी बोलेल याची हमी सक्ती देत नाही.

माझी मागणी साधी आहे. डी.एड., बी.एड. मध्ये परभाषक मुलांना मराठी शिकवण्याचा भाग नीट असावा, आणि तो नुसत्या नोट्सवर नाही, वर्गात उभं राहून. दुसरं, आपल्यातच काही लोक आहेत जे भाषेच्या भिंतीला धडकून आलेत. आखातात दहा वर्षं काढून आलेला फिटर, मोडकंतोडकं जर्मन शिकून परतलेली नर्स, दक्षिणेत नोकरी केलेला फौजी. न कळणाऱ्या भाषेत दिवस काढणं काय असतं हे त्यांना माहीत आहे. त्यांच्यातल्या ज्यांना शिकवायची आवड आहे, त्यांना प्रशिक्षण देऊन शाळेत मदतनीस म्हणून घेता येईल. प्रशिक्षण हवंच, ते सोडून नाही. इतिहास तेच सांगतो.

तुमच्या गावात परभाषक मुलांना मराठी शिकवणारे असे कुणी शिक्षक, मावशी, दादा असतील तर त्यांच्या कामाबद्दल खाली लिहा. नाव द्यायचं की नाही ते त्यांना विचारून ठरवा. पद्धत मात्र नक्की लिहा, म्हणजे बाकीच्यांना उपयोगी पडेल.