दुर्गाबेनना पाठवलेला निरोप

७. दुर्गाबेन : गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांच्या पत्नी. महादेवभाईंचा जन्म सुरत जिल्ह्यातल्या सरसचा. ९ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना गांधीजींबरोबर अटक झाली आणि १५ ऑगस्टला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये वयाच्या ५०व्या वर्षी ते हृदयविकाराने अचानक गेले. त्याच दिवशी गांधीजींनी सेवाग्राम आश्रमासाठी तारेचा मजकूर लिहून अधिकाऱ्यांच्या हवाली केला. बरोबर केलेला फेरफटका, देहाला घातलेली आंघोळ, फुले, गीतापाठ, सारे त्यात आहे. दुर्गाबेन आणि १७ वर्षांचा मुलगा नारायण यांनी शोक करू नये, असेही आहे. हा आग्रह आज कठोर वाटेल. पण शेकडो मैल दूर असलेल्या पत्नीपुढे नवऱ्याचे अखेरचे तास इतक्या बारकाईने उभे करणे, हेच मला त्यातले खरे सांत्वन वाटते. दुर्दैवाने सरकारने ती तार म्हणून धाडलीच नाही. टपालात टाकली आणि ती फार उशिरा पोचली. पुढे गांधीजींना फक्त कुटुंबीयांना घरगुती पत्रे लिहिण्याची मुभा मिळाली. आपण कौटुंबिक जीवन केव्हाच सोडले आहे, असे कळवून त्यांनी ती नाकारली.