यंत्रसामग्री, स्वबांधणीतील : खरेदी व भाडे (द्रोणागिरी)

संपूर्ण काम ठेकेदारास मक्त्याने न देता, भूखंडधारक स्वतःच माल खरेदी करून आणि गवंडी, सेंटरिंगवाले, फिटर व बिगारी यांना मजुरीच्या दराने लावून घर उभे करतो, त्या पद्धतीस स्वबांधणी म्हणतात. अशा बांधणीत कोणते यंत्र विकत घ्यावे आणि कोणते भाड्याने आणावे हा प्रश्न वरकरणी निव्वळ जमाखर्चाचा भासतो; वस्तुतः जमिनीचा प्रकार, पावसाळ्यापूर्वी हाती उरलेली मुदत, यंत्र चालविणाऱ्याचे कसब आणि यंत्र ऐन वेळी बंद पडल्यास नुकसान कोणाच्या माथी बसणार, या सर्वांचा विचार त्यात करावा लागतो.

रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील द्रोणागिरी हा सिडकोने (स्थापना १७ मार्च १९७०) आखलेल्या नवी मुंबईचा एक नोड असून, २६ मे १९८९ रोजी राष्ट्रार्पण झालेले जवाहरलाल नेहरू बंदर त्याच्या शेजारी आहे. नवी मुंबईसाठी झालेल्या जमीनसंपादनाच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले; त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आकारास आली आणि येथील अनेक भूखंड तिच्याअन्वये प्रकल्पग्रस्तांना मिळाले. भूखंड मिळण्यामागे एवढा इतिहास असल्यामुळे त्यावरील घर आपल्या देखरेखीखाली व्हावे ही इच्छा आदरास पात्र आहे. सिडकोच्या भाडेपट्ट्यात बांधकामाची मुदत घातलेली असते, हेही ध्यानी ठेवावे लागते.

येथील भूमी मूळची खारजमिनीची, मिठागरांची आणि भरती-ओहोटीच्या चिखलाची. वर मुरमाचा भराव व खाली मऊ सागरी चिकणमाती, अशी तिची रचना बहुतेक ठिकाणी आढळते. त्यामुळे पायाच्या यंत्रांबाबत निवडीला फारसा वाव राहत नाही. पाइल घ्यावयाचे ठरल्यास तिपाई आणि विंच, किंवा फिरते रिग, हे ज्याचे असेल त्यालाच काम द्यावे आणि मोजणी पाइलच्या धावत्या मीटरवर करावी. खणाईसाठी जेसीबी तासावर मिळतो व टायरांवर स्वतः चालत येतो. पोकलेन मात्र ट्रेलरवर चढवून आणावा लागतो आणि तो येण्याजाण्याचा खर्च लहान भूखंडाला परवडत नाही. बंदराच्या वाहतुकीमुळे या परिसरात डंपर, जेसीबी व ट्रेलर यांच्या मालकांची वाण नाही, म्हणून अवजड यंत्र विकत घेण्याचा मोह आवरणेच श्रेयस्कर.

पंपाची गोष्ट निराळी. खड्ड्यात पाणी दिवसरात्र पाझरते. पाया वर येईपर्यंत उपसा थांबविता येत नाही, आणि रात्री दोन वाजता भाड्याचा पंप कोणी आणून देत नाही. म्हणून उपशाचा पंप स्वतःचा असावा. परंतु त्याच पंपाने व त्याच नळीने क्युरिंगचे पाणी मारू नये. सळईयुक्त काँक्रीटला वापरावयाच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असा भारतीय मानक ४५६ चा दंडक आहे, आणि खाडीलगतच्या खड्ड्यातील पाणी त्या मर्यादेत बसेल असा भरवसा धरता येत नाही.

मिक्सरचा हिशेब मांडून पाहावा. ८० चौरस मीटरचा, १२५ मिलिमीटर जाडीचा स्लॅब म्हणजे १० घनमीटर काँक्रीट. तुळया धरून ते १४ घनमीटर मानू. एक गोणीच्या मिक्सरमधून एका घाण्यास फार तर ०.२ घनमीटर निघते, म्हणजे निदान सत्तर घाणे. भरणे, किमान दोन मिनिटे फिरविणे आणि ओतणे मिळून घाण्यास पाच मिनिटे लागली, तर जवळजवळ सहा तास अखंड काम. मधेच इंजिन बसले, तर ओतलेला थर घट्ट होऊ लागतो, पुढचा थर त्याच्याशी एकजीव होत नाही, आणि त्या सांध्यातून पुढे गळती लागते. मिक्सर, मटेरियल लिफ्ट आणि माणसे घेऊन येणारी स्लॅबची टोळी हा धोका आपल्या अंगावर घेते, कारण दुसरे यंत्र आणण्याची सोय तिच्याजवळ असते. एकट्या मालकाजवळ ती नसते. शिवाय पाया, जोते, कॉलम व स्लॅब मिळून घरासाठी मिक्सर फिरण्याचे दिवस मोजकेच असतात. समजा, यंत्राची किंमत शंभर दिवसांच्या भाड्याइतकी आहे व वापरून विकल्यावर निम्मी परत येते. तरीही दुरुस्ती, व्याज आणि राखण सोडूनच पन्नास दिवसांचे भाडे आपण आगाऊ भरलेले असते. रस्ता रुंद असल्यास रेडीमिक्सच्या सहा घनमीटरी गाड्या हा तिसरा मार्ग आहे.

व्हायब्रेटर मात्र अवश्य विकत घ्यावा, आणि त्याला एक जादा नीडल ठेवावी. खाऱ्या हवेत काँक्रीटमधील पोकळ्या सळईपर्यंत गंज नेतात. समुद्रकाठच्या तीव्र परिस्थितीस उक्त मानक म्हणूनच सळईयुक्त कामासाठी एम ३० हून कमी दर्जा मान्य करीत नाही. एवढे महाग काँक्रीट ओतून ते नीट न दाबणे ही अक्षम्य हयगय होय. कॉलम भरण्याचे काम तुकड्यातुकड्यांनी, मजुरांच्या सवडीने चालते. त्या प्रत्येक खेपेस भाड्याचे यंत्र हजर राहत नाही, आणि मग सळईने टोचून वेळ मारून नेली जाते.

सेंटरिंगच्या प्लेटा व टेकू भाड्यानेच घ्यावेत. परंतु दर रोजावर न ठरविता स्लॅबच्या चौरस फुटांवर ठरवावा. साध्या सिमेंटच्या कामात ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालील टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्यास १४ दिवस, आणि ६ मीटरपेक्षा लांब तुळईखाली २१ दिवस ठेवण्याचा दंडक आहे. रोजाचे भाडे चढू लागले म्हणजे ते टेकू लवकर काढण्याकडे मालकाचेच मन ओढ घेते.

भाड्याचा करार तोंडी न ठेवता कागदावर घ्यावा : डिझेल कोणाचे, चालकाचा भत्ता कोणाकडे, किमान तास किती, पावसाने काम थांबल्यास आकार लागेल काय, अनामत केव्हा परत आणि वाकलेल्या प्लेटेची भरपाई कशी. एप्रिल-मे महिन्यांत, पावसापूर्वी स्लॅब उरकण्याची सर्वांचीच धांदल असते, तेव्हा टोळीचा दिवस इसार देऊन आधीच मुक्रर करावा. भूखंड सहहिस्सेदारांच्या नावे असून भावाभावांत पंप वा व्हायब्रेटर सामाईक घेतला, तर तो कोणाच्या ताब्यात राहील, दुरुस्ती कोण करील आणि विक्रीची रक्कम कशी वाटली जाईल, हेही त्याच कागदावर नोंदवावे.