नमुना आत येईपर्यंत

अवकाशयानांवरच्या मास स्पेक्ट्रोमीटरचा इतिहास बहुधा वजन घटवण्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ मध्ये केंब्रिजला उभारलेले उपकरण चुंबकावर चाले. १९५३ मध्ये बॉनच्या वोल्फगांग पाउल यांनी चार दांड्यांमधल्या बदलत्या विद्युतक्षेत्राने आयन वस्तुमानानुसार निवडण्याची रीत मांडली आणि चुंबकाची गरजच संपली. हे खरे, पण अपुरे आहे. परग्रहावर या उपकरणाची कसोटी लागली ती आयन वेगळे होण्याच्या आधीच. नमुना मूळ रूपात आत कसा घ्यायचा आणि दिसलेला रेणू तिथलाच की आपण सोबत नेलेला, हे प्रश्न कितीतरी अवघड ठरले.

१९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांचे उदाहरण घ्या. त्यांची उपकरणे चुंबकीयच होती, तरी अब्जांशात मोजण्याइतकी तीक्ष्ण होती. क्लाउस बीमान यांच्या गटाने माती ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली, तेव्हा क्लोरीनयुक्त साधी सेंद्रिय संयुगे किंचित दिसली. ती पृथ्वीवरच्या सफाईच्या द्रावकांची, असे मानले गेले. २००८ मध्ये फीनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट सापडले. ते तापवले की मातीतले सेंद्रिय द्रव्य जळते आणि अशीच संयुगे तयार होऊ शकतात, असा नवा अर्थ २०१० मध्ये मांडला गेला. बीमान यांनी तो स्वीकारला नाही. पण वाद मोजमापाच्या अचूकतेवर नव्हता. भट्टीत मातीचे काय झाले, यावर होता. शुक्रावरही अडचण नमुना आत घेण्याचीच होती. डिसेंबर १९७८ मध्ये पायोनियर व्हीनसचे मोठे शोधयान खाली जात असताना ढगांतल्या सल्फ्युरिक आम्लाच्या थेंबांनी उपकरणाची प्रवेशछिद्रे बुजली. त्या थेंबांतल्या पाण्यावरूनच पुढे १९८२ मध्ये शुक्रावरील ड्यूटेरियमचे, म्हणजे जड हायड्रोजनचे, प्रमाण पृथ्वीच्या सुमारे शंभरपट असल्याचे, म्हणजे तिथले बरेच पाणी निसटून गेल्याचे, अनुमान निघाले. अडथळाच नमुना झाला, हे सुदैव; कोणत्याही आराखड्याला त्यावर विसंबता येत नाही.

यावर आक्षेप येईल की पृथक्करणाची ताकद नसेल तर स्वच्छ नमुनाही मुका राहतो. धूमकेतूकडे गेलेल्या रोझेटा यानावरच्या रोझिना उपकरणसंचाने जवळजवळ सारख्याच वस्तुमानाचे नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड वेगळे ओळखले, ते या ताकदीमुळेच. आक्षेप रास्त आहे. मात्र २००४ मध्ये निघालेले हे यान निर्वातात वर्षे काढूनही स्वतःच्या भागांतून वायू सोडतच होते, आणि धूमकेतू गाठण्याआधी त्या वायूंची नोंद करून ठेवावी लागली. दुसरा आक्षेप असा, की नमुने पृथ्वीवर आणून मोठ्या यंत्रांत तपासावेत. खडकांसाठी तो योग्य आहे. धूमकेतूभोवती क्षणोक्षणी बदलणारा विरळ वायू मात्र जागेवरच मोजावा लागतो.

स्वतःचे वायू आधी ओळखण्याचा धडा मंगळावरच्या क्युरिऑसिटी यानातल्या सॅमनेही गिरवला. सुमारे ४० किलोच्या या उपकरणसंचात रासायनिक प्रक्रियेसाठी नेलेले एक द्रव्य झिरपत होते. शास्त्रज्ञांनी रिकाम्या कुप्या तापवून त्याची पार्श्वभूमी मोजली आणि नमुन्यांशी ताडून पाहिली, म्हणूनच २०१५ मध्ये क्लोरोबेन्झिन मंगळाच्याच खडकातून आल्याचे सांगता आले. पुढच्या मोहिमांत विश्लेषकातून वाचलेला प्रत्येक ग्रॅम आधी प्रवेशमार्गावर आणि कोऱ्या चाचण्यांवर खर्च व्हायला हवा. जीवसृष्टीच्या खुणांचा दावा करायचा असेल, तर तो रेणू आपल्या यानाचा नाही हे सिद्ध करण्याची सोय यानातच असली पाहिजे.