कलाभवनाचा वारसा आणि विद्यार्थ्यांची प्रदर्शने

बडोद्यातील महाविद्यालयांत भरणारी विद्यार्थ्यांची प्रदर्शने पाहण्यास आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी व पालक आवर्जून जातात. चित्रे-शिल्पे एका आवारात आणि यंत्रांच्या प्रतिकृती दुसऱ्या आवारात, अशी ती आज पाहावी लागतात. शतकापूर्वी या दोन्ही विद्या एकाच छताखाली नांदत होत्या. शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त त्या परंपरेचे स्मरण उचित ठरेल.

श्रीमंत सयाजीराव महाराज (तिसरे) यांनी १८९० मध्ये कलाभवनाची स्थापना केली. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे त्याचे पहिले प्राचार्य. येथे चित्रकलेबरोबरच सुतारकाम, कापडाची रंगाई व यंत्रशास्त्रही शिकविले जाई. कापड रंगविणाऱ्यास रंगाचे रसायन कळावे आणि यंत्र घडविणाऱ्याच्या हाती रेखाटन असावे, अशी ही दृष्टी होती. हे ज्ञान देशी भाषेतून मिळावे, असा गज्जरांचा आग्रह होता. कारागिराच्या मुलाची वाट इंग्रजीपाशी अडू नये, हा त्यामागील विचार. त्यासाठी त्यांनी गुजरातीतून ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ ही शास्त्रीय ग्रंथमाला हाती घेतली.

या शिक्षणाचे फळ एका मराठी विद्यार्थ्याच्या चरित्रात दिसते. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर कलाभवनात आले. चित्रकला, छायाचित्रण, ठसे तयार करण्याची विद्या असे अनेक विषय त्यांनी आत्मसात केले. अहमदाबादच्या १८९२ च्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी मांडलेल्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीस सुवर्णपदक मिळाले. प्राचार्य गज्जरांनी त्यांना कलाभवनातील छायाचित्रणाची प्रयोगशाळा वापरण्यास मोकळीक दिली. पुढे १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, तेव्हा चित्रकाराची नजर आणि रसायनाची जाण त्यात एकत्र आली होती.

महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले. हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू. कलाभवन तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी विद्याशाखेत विलीन झाले, तर १९५० मध्ये ललितकला विद्याशाखा स्वतंत्रपणे सुरू झाली. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे येथे चित्रकला शिकवीत. या विद्याशाखेने १९६१ मध्ये कलामेळा भरविला. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह खेळणी व शोभेच्या वस्तू घडवून विक्रीस मांडल्या. भिंतीवरील चित्रापुढे संकोचून उभा राहणारा सामान्य नागरिक येथे वस्तू हातात घेऊन पाहू लागला.

विद्याशाखा वेगळ्या होणे व्यवस्थेच्या दृष्टीने अटळ होते. परंतु प्रेक्षकाने आपली दृष्टी विभागण्याचे कारण नाही. चित्रापुढे उभे राहून रंग कसा सिद्ध केला हे विचारावे आणि यंत्रापुढे त्याचा पहिला आराखडा दाखविण्यास सांगावे. विशेषतः मातृभाषेतून शिकून गेलेल्या विद्यार्थ्यास त्याचा प्रयोग मराठीतून समजावून देण्याची विनंती करावी. फलक इंग्रजीत असला तरी आपण केलेले काम आजीला कळेल अशा शब्दांत सांगता येणे, ही आकलनाची खरी कसोटी होय.

परमुलखात मराठी माध्यम टिकविणाऱ्या शाळेस कलाभवनाचा हा धडा जवळचा आहे. यापुढे आपल्या शाळेची चित्रे व विज्ञानाचे प्रयोग एकाच दालनात मांडले जावेत आणि पालकांनी तेथे प्रश्न विचारण्याच्या तयारीने यावे, हीच या वारशाची योग्य जपणूक ठरेल.